खोलीतली दुसरी व्यक्ती

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी बाईने शिलाई मशीन खाली उतरवलं आणि त्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. दहाला लेकीची ऑनलाइन प्रवेशपरीक्षा होती, घरूनच द्यायची. गेल्या वर्षी दोन गुणांनी हुकलेली. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. खोलीत दुसरं कुणी दिसलं तर परीक्षा रद्द, असा नियम.

"आधी कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवून दाखवायचा," लेक म्हणाली.

"परीक्षा आहे की झडती?" सासरे दारातून गरजले. कानाने अधू असल्यामुळे त्यांची कुजबुजही शेजारी ऐकू जायची.

"बाबा, तुम्ही जिन्यात बसा," बाई म्हणाली. " आणि तोंडाला कुलूप लावा."

कोपऱ्यात कपडे मापाला लावायचा पुतळा होता. अंगावर गिऱ्हाइकाचा कोट, टाचण्यांसकट. पसारा दिसू नये म्हणून बाईने त्यावर चादर टाकली. सवयीने खांद्यांवर सारखीही केली. मग दार ओढून घेतलं आणि बाहेर कान लावून उभी राहिली.

दहा वाजून सात मिनिटांनी लेकीचा आवाज आला, ती लॅपटॉपवरच्या पर्यवेक्षकांशी बोलत होती. "नाही सर, इथे कुणीच नाहीये."

पर्यवेक्षकांचं बोलणं दाराबाहेर ऐकू येत नव्हतं.

"तो पुतळा आहे, सर. आई कपडे शिवते."

बाईचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत पाऊल टाकलं तर खोलीत खरोखरच दुसरी व्यक्ती.

"चादर काढून दाखवते, सर. पण जागेवरून उठायचं नाही असं लिहिलंय. उठू का?"

"काय म्हणतेय ती?" सासऱ्यांनी विचारलं. बाईने त्यांच्या तोंडावर हात दाबला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

आत चादर सरकली. टाचण्या फरशीवर पडल्या. बऱ्याच वेळाने कळफलकाची टकटक सुरू झाली.

साडेअकराला लेकीने दार उघडलं. "पुतळ्याच्या भानगडीत आठ मिनिटं गेली. दोन प्रश्न राहिले."

"पण ते सर काय म्हणाले?"

"नोंद केलीय, म्हणाले. एवढंच."

"अरे, त्या पुतळ्याला डोकंच नाही! तो काय उत्तरं सांगणार?" सासरे म्हणाले.

बाई खाली बसून टाचण्या वेचू लागली, चार मिळेनात.

संध्याकाळी पाचला परीक्षेच्या संकेतस्थळावर लेकीच्या क्रमांकापुढे एकच ओळ होती: 'खोलीत दुसरी व्यक्ती. तपासणी सुरू.'