जुन्या पैलवानांचा खुराक

आमच्या ह्यांची कुस्ती गुडघ्यापायी सुटली. जोर-बैठकाही सुटल्या. खुराक तेवढा सुटला नाही, कारण तो आमच्या घरचा नव्हताच. पेठेचे नगरसेवक बाळासो यांनी सरकारात खटपट करून तालमीतल्या जुन्या पैलवानांना रोजचं दूध, तूप, बदाम मंजूर करून घेतले होते. मान म्हणे! मी घरात भाकरी हात राखून वाढायची आणि हे सकाळीच तालमीच्या कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा लोटा तूप घालून रिचवून यायचे.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून स्वच्छ सांगितलं, "दूध-तूप बंद करा, वजन उतरवा. हे काळीज आता ओढत नाही."

घरी येताना हे म्हणाले, "पेठ मानानं देती. न्हाय कसं म्हणायचं गं?"

ह्या माणसाला धरून रडावं का धरून बडवावं, मला कळेना.

पाडव्याला तालमीपुढच्या चौकात समारंभ झाला. बाळासोंनी जाहीर केलं, "आता खुराक दुप्पट!" आणि पहिला लोटा घ्यायला ह्यांना बोलावलं. ह्यांना बैठकीवरून उठवायला दोघांनी काखेत हात घातले, आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिथं माझं टाळकं सरकलं. बायकांतून उठून मी पुढं गेले.

"बाळासो, बंद करा हे दूध."

"वहिनी, पैलवानाच्या तोंडचा लोटा काढता व्हय?" लोक हसले.

"काढते की! चार पायऱ्या चढून माझा नवरा धापा टाकत बसतोय. डॉक्टर बंद करा म्हणतोय, तुम्ही दुप्पट करताय. पलीकडं बालवाडी हाय, तिथल्या पोरांच्या बरगड्या दिसतात. त्यांना का न्हाय मंजूर हुत?"

"पोरांस्नी मत न्हाय की वो!" मागून कुणीतरी ओरडलं. परत हशा.

"पोरांचं खातं येगळं असतंय, वहिनी," बाळासो म्हणाले.

"मग बदला खातं! माणूस गेल्यावर बदलणार व्हय?"

त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि लोटा ह्यांच्या हातात दिला. "हंबीरराव, दावा वहिनींना पैलवान काय असतोय."

सगळी पेठ बघत होती. आखाड्यात कुणापुढं हार न मानलेला माणूस खाली बघून म्हणाला, "आता न्हाय झेपत, बाळासो. मला जगायचं हाय."

कुणी हसलं नाही. ह्यांच्या शेजारी त्यांचे जुने जोडीदार लालासाब बसले होते, ह्यांच्याहून रुंद. बाळासोंनी घाईनं लोटा त्यांच्यापुढं केला. तेवढ्यात त्यांची बायको खैरुनबी पुढं आली आणि तिनं लोट्यावर पालथा हात ठेवला.

"ह्यांना बी न्हाय."

"अवो, मंजूर झालेलं परत कसं पाठवायचं?" बाळासो खेकसले.

"जसं आणलं तसं," मी म्हणाले. "तवर रोज सकाळी ह्या कट्ट्यावर आम्ही दोघी बसतो. बघू कोण पाजतंय!"