सहा-दहाचा फोन

हैदराबादेत, नल्लकुंट्यात हिम्मतकाकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझा व्यायामाचा हॉल आहे. मशीन एकही नाही. बावीस चटया, दोन पंखे आणि मी, त्रिवेणी. नियम एकच: सहाला सुरू, आणि सहा-दहाला जी चटई रिकामी दिसेल तिच्या मालकिणीला फोन. "अहो, गुडघे घेऊन कुठं दडून बसलात? या!" बायका चरफडत येतात, पण येतात.

मग समोरच मोठं जिम उघडलं. एसी, आरसे, आणि वर्षाची फी माझ्या दोन महिन्यांएवढी! माझ्या बावीसपैकी चौदा जणी गेल्या. इंदुताईसुद्धा! पाच वर्षं मी त्यांचे गुडघे वळवले, आणि जाताना लाडवांचा डबा देऊन गेल्या. घशाखाली उतरतील तर शपथ.

"त्रिवेणी, आठ जणींत तू भाडं कुठून देणार?" हिम्मतकाका म्हणाले. "एक तारखेच्या आत वीस बायका दाखव, नाहीतर हॉल ट्यूशनवाल्याला देतो." त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सहा-दहाला सवयीनं इंदुताईंनाच फोन लागला. "कुठं आहात?" विचारल्याबरोबर त्या दचकून म्हणाल्या, "निघाले गं, निघाले!" आणि निघाल्या की! गेल्या मात्र समोर. खिडकीतून बघून माझा जळफळाट झाला. मग म्हटलं, फी तिकडं भरली म्हणून काय गुडघे परके झाले? चौदाही जणींना रोज फोन करत राहिले. त्यांच्या जावा, शेजारणी, म्हणजे जिमचे पैसे भरून घरी लोळणाऱ्या सगळ्या, "आम्हालाही उठव" म्हणायला लागल्या. त्यांनाही उठवलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला जिमचा मॅनेजर गौतम जिना चढून आला.

"अक्का, हात जोडतो, ते फोन बंद करा."

"काइकू?"

"अठराशे लोकांनी पैसे भरलेत. सगळे आले तर उभं राहायला जागा नाही. जे येत नाहीत, त्यांच्या जिवावर तर आम्ही फी कमी ठेवतो! तुमच्यामुळं सहालाच ट्रेडमिलला रांग लागते. नवीन गिऱ्हाईक रांग बघून परत जातं." मग हळूच म्हणाला, "फोन करू नका. तुमचं हॉलचं भाडं दरमहा आम्ही देतो."

मी चटयांवरच्या माझ्या आठ जणींकडं बघितलं. हॉल वाचत होता. फोन न करण्याचे पैसे! सहा-दहा झाले, सहा-वीस झाले, आणि मोबाईल हातात तसाच.

तेवढ्यात जिन्यात धडधड झाली. पुढं इंदुताई, धापा टाकत. मागं तेरा जणी. एकीच्या हातात काढ्याचा थर्मास.

"बरी आहेस ना गं? फोन नाही आला!"

डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

"गौतमभाऊ, नक्को तुमचे पैसे," मी म्हटलं. "मी फोन करणार."

इंदुताईंनी तोवर आपली जुनी चटई पसरलीही होती. "एवढा जिना चढलेय तर करूनच जाते. आता रोज इथंच. तिकडं रांगेत उभं राहण्यातच अर्धा तास जातो."

बाकीच्याही चटया ओढायला लागल्या. गौतमनं घाबरत विचारलं, "आणि वर्षाची फी?"

"राहू दे तुझ्याकडंच, बाळा," इंदुताई म्हणाल्या.

गौतमचा चेहरा असा खुलला म्हणता! पैसे भरलेल्या आणि कधीही न येणाऱ्या चौदा बायका. त्याला आणखी काय हवं होतं? जाताना मला वाकून नमस्कार करून गेला.

जिन्यात हिम्मतकाका एका हातानं ढेरी सावरत चपला मोजत होते. "बावीस जोड," ते पुटपुटले. "ट्यूशनवाल्याला नाही म्हणून सांगतो."

"तेवीस, काका," मी वरून ओरडले. "उद्या सहा-दहाला तुम्हालाही फोन येईल. चटई तेवढी घरून आणा."