धक्क्यावरचा धक्का

समुद्रात इतका लांब घुसलेला धक्का दुसरीकडे नसेल. किनाऱ्यावरून त्याचं टोकच दिसत नाही. म्हणून त्यावर छोटी गाडी धावते, आणि ती चालवते धक्क्याची डागडुजी करणाऱ्या फिटरची लेक. बरोबर मध्यावर रूळ आणि फळ्या बोटभर वर आलेल्या. तिथे गाडी उसळायची, चालणारे ठेचकाळायचे, आणि कोणी ना कोणी दात काढून म्हणायचंच, "फिटरची ठेच!" गावात कोणाचंही काम बिघडलं की हाच शब्द. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक दिवस तिचा धाकटा भाऊ, धक्क्याचा इंजिनिअर, जेवताना सहज बोलला, "ताई, उद्या ती ठेच काढतोय. बाबांची चूक एकदाची निस्तरू."

तिने ताट सरकवलं. "चूक? मळसूत्री खांब चिखलात पिळून पिळून आजोबांनी हा धक्का उभा केला, बाबांनी जन्मभर सांभाळला, आणि तू चूक म्हणतोस? बाबा, तुम्ही का मूग गिळून बसलात? हात चुकला होता तुमचा?"

"हात कशाला चुकेल?" म्हातारा घास चावत म्हणाला. "मुद्दाम ठेवली मी."

"मुद्दाम?" भावाने हातातला घास खाली ठेवला.

"लढाईत साहेबांचा हुकूम आला, शत्रूच्या बोटी लागतील, धक्का मधोमध तोडा. माझ्या हाताने तोडला. पुढे मीच सांधत होतो, तर तेच साहेब येऊन भाषण ठोकून गेले, एवढ्या लढाईत आपला धक्का अखंड राहिला! अखंड! डोकंच फिरलं माझं. शेवटच्या तुळईखाली जाड पट्टी सरकवली. म्हटलं, यांची जीभ विसरली तरी लोकांचे पाय विसरायला नकोत."

"आणि मी जन्मभर भांडत फिरले ते?" ती किंचाळली. "मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तू चारचौघांत बोलली असतीस. नोकरी गेली असती. नंतर सवय झाली शिव्यांची."

भाऊ हळूच म्हणाला, "लोक पडतात, बाबा. काढावीच लागेल."

"काढ."

रूळ सपाट झाले. पहिल्या फेरीला बाबा पुढच्या बाकावर येऊन बसले. मध्यावर त्यांनी सवयीने दांडी घट्ट धरली. गाडी अलगद पुढे सरकली. कोणी हसलं नाही, कोणी काही बोललंही नाही. बाबा तशीच दांडी धरून बसलेले. तिला ते बघवेना. तिने करकचून ब्रेक मारला. सगळे एकमेकांवर आदळले.

"अहो बाई, वेड लागलं का? काय आहे इथे?"

"इथे तोडला होता!" ती ओरडली. "माझ्या बापाने तोडला, आणि त्यानेच सांधला!"