नुसती रिंग

"पन रिंग येल ना याच्यात?" काशिरामने पुन्हा विचारलं.

"काका, रिंग काय, सगळंच येईल," प्रितेश म्हणाला. पनवेलच्या बाजारातल्या आपल्या मोबाइलच्या दुकानात तो काशिरामच्या जुन्या, बटणांच्या फोनच्या पाठीत नख खुपसून बसला होता. "पिक्चर येईल, बातम्या येतील, तुमचा चेहरा समोरच्याला दिसेल."

"माझा चेहरा कोनाला बघायचा हाय," काशिराम म्हणाला. "रिंग आली की झालं."

त्याचा मुलगा दीपेश शेजारी उभा राहून नव्या स्मार्टफोनच्या काचेवर प्लास्टिक चिकटवून घेत होता. कळंबोलीच्या गोदामात त्याला बढती मिळाली होती आणि बढती मिळालेल्या मुलाच्या बापाकडे बटणांचा फोन असणं त्याला बरं दिसत नव्हतं.

"एक आहे दीपेश," प्रितेश म्हणाला. "यांचा प्लॅन त्या कीपॅडवाल्या फोनचाच आहे. कंपनीने फोनबरोबर बांधून दिलाय. स्मार्टफोनमध्ये सिम टाकलं की तो चालत नाही. नवा मारावा लागेल, जवळजवळ डबल."

"सिम तेच, नंबर तोच, बाबा तेच. मग डबल कशाचे?"

"फोन मोठा झाला ना."

कंपनीचा विचार सरळ होता. ज्याला मोठा फोन परवडतो त्याला बोलणंही महाग परवडतं. ज्याला बोलायचंच नाही, फक्त रिंग ऐकायची आहे, अशा गिऱ्हाइकासाठी प्लॅन अजून कुठल्याही कंपनीने काढलेला नाही. तसं गिऱ्हाईक असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

"एक तारखेला रिचार्ज मारतो," दीपेश म्हणाला. "तोपर्यंत वायफायवर चालेल. घरी आहे, बाबांच्या टपरीजवळ साडीवाल्यांचं आहे. व्हॉट्सॲपचा ओटीपी आधी जुन्यावर घे, मग सिम काढ."

"म्हंजे रिंग येल," काशिराम म्हणाला.

"येईल हो बाबा."

दीपेश खोटं बोलला नव्हता. घरी जाताना रिक्षात बसल्या बसल्या तो व्हिडिओ कॉलची रिंग वाजवूनही दाखवणार होता, पण तिथे वायफाय नव्हतं. मग घरी पोचल्यावर, शेजारच्या खोलीतून, वाजवून दाखवली. काशिरामचं समाधान झालं. एक तारीख आली आणि तिच्या मागे लागलेल्या हप्त्यांबरोबर निघून गेली.

काशिरामला ही रिंग एवढी कशाला हवी होती, हे घरात फक्त त्याच्या बायकोला, मैनाला, माहीत होतं.

त्याचं गाव विमानतळाच्या धावपट्टीखाली गेलं. गावाबरोबर बापाची जमीनही गेली आणि तिच्या बदल्यात प्लॉट मिळायचा होता, तेव्हा मोठी बहीण सखूबाई सासरहून, चिरनेरहून, एसटी पकडून आली आणि बोट ठेवतील तिथे सही करून हक्क सोडून गेली. भावाने जेवून जा म्हटलं तर म्हणाली, म्हशीची वेळ झालीय. पुढे प्लॉट विकला गेला, रोडपालीला दीपेशच्या नावावर फ्लॅट झाला, आणि फ्लॅटची किंमत बाजारातून फिरत फिरत सखूबाईच्या मुलाच्या, जीवनच्या, कानावर गेली. जीवन वास्तुशांतीला आला तो भांडूनच गेला. घरी जाऊन त्याने आईला शपथ घातली: मामाशी एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

सखूबाईने शपथ पाळली. शब्द एकही बोलली नाही. पण शपथेत रिंगचा उल्लेख नव्हता.

शपथेच्या दुसऱ्या सकाळी काशिराम टपरीचं फळकूट उचलत होता तेव्हा त्याच्या खिशात फोन एकदा वाजला आणि थांबला. बहिणीचा नंबर होता. तो बराच वेळ फळकूट हातात धरून उभा राहिला. मग त्याने एक रिंग दिली आणि तोडली. एवढंच. ती म्हणाली, हाय. तो म्हणाला, मी पन हाय. वर्षानुवर्षं दोघं रोज सकाळी एवढं बोलत आले. नारळी पुनवेला दोन रिंगा यायच्या. सगळं फुकटात व्हायचं, आणि म्हणूनच त्यात भांडणाला जागा नव्हती.

पहिली रिंग तिची. तो नियमच होता. ती गोठ्यामागे एकटी असताना रिंग द्यायची. याने आधी दिली आणि फोन जीवनच्या हाताशी असला तर शपथेची पंचाईत. शिवाय ती मोठी.

नव्या फोनवर सकाळी पुष्कळ काही यायला लागलं. ओळखीपाळखीच्या लोकांनी धाडलेली गुलाबाची फुलं यायची, वाफाळते कप यायचे, कुणा महाराजांचे विचार यायचे. दीपेश गोदामातून उगाच व्हिडिओ कॉल करून "बाबा, दिसतोय का?" विचारायचा आणि बाबांना त्याच्या नाकपुड्या दिसायच्या. सगळ्या जगाची सकाळ काशिरामपर्यंत पोचत होती. चिरनेरची तेवढी येत नव्हती.

काशिरामची टपरी म्हणजे साडीच्या दुकानाच्या जिन्याखाली फॉल-पिकोची एक मशीन आणि एक स्टूल. तो मशीनवर फोन आडवा ठेवायचा, त्याच्याकडे बघत पाय मारायचा, आणि फॉल वाकडा गेला की उसवायचा. आयुष्यात त्याने इतकं उसवलं नव्हतं.

"रुसली आसंल," मैना म्हणाली. "तुमी लावा की."

"आधी तिनं लावायचा."

"नियम कोनी केलाय? तुमच्या कंपनीनं?"

"जीवनला कललं आसंल. त्यानं फोन काढून घेतला आसंल. आता मी लावला तं तिलाच बोल लागंल."

"मंग जाऊन या. चिरनेर काय दुबईला हाय?"

"जाऊन काय सांगू? रिंग का देत नाय म्हनून आलोय?"

रिंग येत नाही म्हणून कुणी कुणाच्या दारात जात नाही हे मैनालाही पटलं. दोन माणसं बोलत नसतील तर त्यांनी एकमेकांना विचारायचं काय, हा प्रश्न त्या घरात कुणाला सुटण्यासारखा नव्हता.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी चिरनेरचा भगवान टपरीसमोर येऊन उभा राहिला. सखूबाईच्या घराला लागून त्याचं घर. हातातल्या पिशवीत दर्भ, काळे तीळ आणि पत्रावळी दिसत होत्या.

"मशिनीवर बसलायस," भगवान म्हणाला. "आमाला वाटलं आजारी बिजारी हाय."

"का रं?"

"का रं काय इचारतो? बहीन गेली तुजी. आमी रातभर ठेवली तिला."

काशिरामचा पाय मशीनवरच होता. तो थोडा वेळ तसाच चालत राहिला आणि साडीच्या काठावर फॉल नसलेल्या जागी टाके पडत गेले.

"कवा?"

"शनवारी सांजच्याला. छातीत कल आली, गोठ्यातच बसली. जीवननं तुला किती फोन लावले. जीवननं, सोता. ती बाई बोलायची आनी फोन बंद. म्हातारी मानसं म्हनली, भावाची साडी आल्याबिगर कशी उचलायची? सकाल झाली, ऊन आलं. मंग जीवनच्या बायकोनं, निशानं, आपल्या कपाटातली साडी काढली, माहेरची म्हनून घातली आनी नेली."

आमच्याकडे बाई कितीही वर्षं सासरी राबली तरी शेवटचं वस्त्र तिला माहेरचं लागतं. ते भावाने आणायचं असतं. भाऊ भांडलेला असला तरी त्या दिवशी येतो. न येण्यासारखं भांडण अजून कुणी शोधून काढलेलं नाही.

"मना कोनाचा फोन नाय आला," काशिराम म्हणाला.

"नाय कसा? मी सोता बसलेलो जीवनच्या बाजूला. जीवन म्हनला, मामानं बंद करून टाकलाय आपल्याला. आता मानूस धाडून पाया पडायचं का? म्हनून कोनी आलं नाय."

"हा बघ फोन. चालू हाय."

भगवानने स्वतःचा फोन काढून नंबर लावला आणि स्पीकर केला. काशिरामचा फोन मशीनवर चकचकीत, गप्प पडून राहिला. भगवानच्या फोनातून एक बाई, अतिशय गोड आवाजात, हिंदीत म्हणाली की या नंबरवर येणाऱ्या कॉलची सेवा सध्या उपलब्ध नाही. मग तेच तिने इंग्रजीत सांगितलं.

आवाज ऐकून साडीच्या दुकानातली आभा बाहेर आली. तिने काशिरामचा फोन उचलून पाहिला, बोटाने दोन-तीनदा सरकवला.

"काका, यात रिचार्जच नाहीये. आमच्या वायफायवर चाललाय हा. साधा कॉल येणारच नाही तुम्हाला, कधीपासूनच."

"रिंग येते की. दीपेशची येते."

"ती नेटवरची, काका. ती वेगळी."

काशिरामने मान हलवली. रिंगमध्ये दोन जाती असतात हे त्याला कळलं. कळून त्याने मशीनवरची साडी घडी करून बाजूला ठेवली.

"एखादी साडी काढू का?" आभाने हळूच विचारलं. तिने सगळं ऐकलं होतं.

काशिराम दुकानाच्या दाराशी गेला. आत गठ्ठ्यांवर गठ्ठे होते. कुणासाठी, कसली, हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नेसणारी जळून गेल्यावर साडी घेऊन जायची रीत नाही. तो रिकाम्या हातानेच भगवानबरोबर स्टँडवर गेला.

चिरनेरला हुतात्मा स्मारकापाशी दोघं उतरले तेव्हा ऊन कललं होतं. सखूबाईच्या ओटीवर जीवन भिंतीला टेकून चटईवर बसला होता, दाढी वाढलेली. आत दिवा होता. जीवनने मामाला पाहिलं आणि नजर खाली घातली. उठला नाही, ये म्हणाला नाही. काशिराम पायरीवरच उभा राहिला.

"मामानं बंद नवता केला," भगवानने वाटेत ठरवलेलं वाक्य सांगितलं. "नवा फोन घेतला पोरानं. रिचार्ज नवता त्याच्यात."

एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं कारण असावं हे जीवनला पेलवत नव्हतं. मामाने मुद्दाम केलं असतं तर निदान चिडता आलं असतं.

आतून सखूबाईची थोरली जाऊ, हौसाबाय, भिंत धरत धरत बाहेर आली. तिला आता कमी दिसायचं, पण आवाजावरून माणूस ओळखायची.

"काशिराम काय? ये बाबा. रडू नको. ती काय रागात गेली नाय तुज्यावर." ती उंबऱ्यावर टेकली. "थोडी नाराज होती, खोटं कशाला सांगू. दीपेशच्या लग्नाला आतेला बोलवलं नाय म्हनून. पन तेवढंच."

काशिरामने जीवनकडे पाहिलं. जीवनने निशाकडे. निशा दाराआड पदर तोंडाशी धरून उभी होती.

"दीपेशच्या?" काशिराम म्हणाला.

"मग? सून आलीय ना नवी, हिंदीवाली? सखू मना सांगायची गोठ्यामागं. म्हनायची, काशानं फोन आता सुनंकडं दिलाय. रोज सकाली तीच उचलते. आवाज म्हंजे साखर. मना हिंदी कलत नाय, पन पोर कदी तुसडं नाय बोलली, म्हनायची. सखू बोलायची नाय, शपथ होती ना. नुसती ऐकायची. पोरीचं बोलनं पुरं झालं की मंगच ठेवायची. मधीच कापनं बरं दिसत नाय म्हनायची."

शनिवारच्या रात्री जीवनने तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला होता. निशाने त्याच्या शेजारी बसून ऐकला होता, आणि हौसाबाय सांगते ती सून कोण ते तिला त्या रात्रीच कळलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं होतं, हौसाबायला नाही.

हौसाबायने निशाला हाक मारली. "ती पिशवी आन गो, ट्रंकेतली."

निशाने आणली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली डाळिंबी रंगाची, हिरव्या काठांची साडी होती आणि वर एक खण. सखूबाईने उरणच्या बाजारात करवंदं आणि अंडी विकून घेतलेली.

"सुनंला घेतलेली," हौसाबाय म्हणाली. "म्हनली, बोलवलं नाय तं नाय, पन आतेसासूची साडी नाय घातली तं पोरीला कसं वाटंल? घे."

काशिरामने दोन्ही हातांनी साडी घेतली. सवयीने त्याचा अंगठा काठावरून फिरला. सूत चांगलं होतं. सखूबाईने स्वतःला असलं कधी घेतलं नव्हतं. दीपेशचं लग्न झालेलं नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही असावं.

"नांदते ना बरी?" हौसाबायने विचारलं.

"बरी हाय," काशिराम म्हणाला. "कमी बोलते."

"नाव काय तिचं?"

जन्मभर काशिरामने बायकांच्या साड्यांना नावाच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. त्यातलं एकही नाव त्याला या घडीला आठवेना. तो साडीकडे बघत राहिला.

"रंजिता," जीवन म्हणाला. तो अजून जमिनीकडेच बघत होता.

"हां," काशिराम म्हणाला. "रंजिता."

"बरं नाव हाय. तिला म्हनावं, सुतक फिटलं का नेस."

"सांगतो."

जीवन भिंतीकडे सरकला. चटईवर एका माणसापुरती जागा झाली. काशिरामने पायरीवर चपला काढल्या आणि साडी मांडीवर घेऊन तो तिथे बसला.