फाळाचा कोयंडा

लोहाराला आभाळाकडे बघायची गरजच नव्हती. साल कसं गेलं, ते त्याला नांगराचे फाळ सांगायचे. पाऊस धड झाला की ते झिजून, बोथट होऊन ढिगानं धार लावायला यायचे आणि त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. पावसानं पाठ फिरवली त्या वर्षी ते जेमतेम झिजून आले, पुढची दोन वर्षं नुसते गंजून. यंदा चौथं कोरडं साल. पेरणीचे दिवस उलटले, तरी धारेला एकही फाळ आला नव्हता.

आज शेजारची मावशी आली. पिशवीतून फाळ काढून म्हणाली, "याचा कडी-कोयंडा करून दे बाबा. दाराला बाहेरून लावायचाय."

या आठवड्यातला हा पाचवा. लोहार उसनं हसला. "मावशी, घरात चोरायला आहे तरी काय?"

"चोर कसला मेला! तो आमच्याआधीच गाव सोडून गेला. वाऱ्यानं दार आपटत राहू नये, एवढंच."

त्यानं भाता ओढला. कोयंडा घेऊन मावशी गेली, तसा तो भट्टी विझवायला उठला. तेवढ्यात बायको आतून आली. घरची दोन एकरं तीच कसायची. तिनं आपला फाळ ऐरणीवर ठेवला.

"विझवू नका," ती म्हणाली. "पेटलीच आहे, तर आपलाही करून टाका."