उसवण्याचं काम

ग्रंथालयात हयात गेली, त्यामुळे माणसांपेक्षा मला पुस्तकंच बरी कळतात. तीही कितपत, शंकाच आहे. हिचं मात्र काहीच कळलं नाही. आळीभराचे कपडे शिवणारी माझी बायको तीन महिने मशीन झाकून बसली होती. पहाटेपासून जागी, जेवण नको, बोलणं नको. मी म्हटलं, वय झालं. शेवटी तिला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासून घेतलं. थायरॉइड वगैरे ठीक निघालं. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी सरळ विचारलं, "काकू, मरून जावंसं वाटतं का?"

मला वाटलं, असं विचारतात का कुणाला? नसलेलं डोक्यात शिरायचं.

"वाटतं," ही म्हणाली. "रोज. पण अजून ठरवलं काही नाही." आणि कितीतरी दिवसांनी खांदे सैल सोडून बसली.

"हा नैराश्याचा आजार आहे," बाई म्हणाल्या. "आळस नाही, वयही नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. दर बुधवारी बोलायला यायचं. आणि रोज एक छोटं काम, मन लागो न लागो."

"शिवणं नाही जमणार. उसवणं जमेल."

घरी तिने माझे शर्ट उसवायला घेतले. जुने संपले, मग चांगले.

"अगं, हा अंगात आहे माझ्या."

"मग काढा."

पाचव्या आठवड्यात तिला झोप लागू लागली आणि मी निर्धास्त झालो. शुक्रवारी दुपारी तिने कात्री माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा. आज मन पुन्हा तिकडेच जातंय. डॉक्टरांकडे चला."

"आज आपला वार नाही," मी म्हणालो. मी असाच आहे.

"म्हणून काय झालं?"

दवाखाना भरलेला. नर्सबाईंनी यादी पाहून मान हलवली, तसा मी मुकाट्याने मागे वळलो. ही तिथेच उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "बाई, मला मरावंसं वाटतंय आणि मला मरायचं नाहीये. आत सांगा. मी थांबते."

चाळीस वर्षं पुस्तकं हाताळूनही मला इतकं सरळ बोलता आलं नसतं.

नर्सबाई तडक आत गेल्या. बाकावरच्या एका गृहस्थाने सरकून जागा केली. तिथे मी बसलो; हिला तोवर आत बोलावलं होतं.