झोपवलेला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. हसू नका. माझं एक बिजागर दोऱ्याने बांधलेलं आहे आणि 'म' दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही, हे खरं. पण म्हाताऱ्याचं थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठे आठवतं? शहाणा झालो तो परळच्या एका ऑफिसात. चार वर्षं तिथे माझ्याकडून पत्रं टाइप करून घेतली. हा कधी दगा देत नाही, असं साहेब सगळ्यांना सांगायचे. मग नवे लॅपटॉप आले आणि त्याच साहेबांनी मला कपाटावर टाकलं. वर्षभर धूळ खात पडलो. शेवटी तिथल्या सुरुचीने रीतसर विचारून मला घरी नेलं, घोडपदेवच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. मऊ फडक्याने पुसलं. तेव्हापासून मी तिचा.

घरात ती आणि तिचे वडील, तात्या. चाळीत दार दिवसभर उघडंच असतं. भरदिवसा लावलंत तर पाच मिनिटांत कोणीतरी येऊन 'बरं नाही का गं?' म्हणून विचारतं. माया असते हो, पण माणसाने गुपचूप रडायचं म्हटलं तर कुठे रडावं?

तात्या चाळीचे सेक्रेटरी. कोणाची मुलगी कितवीत, कोणाच्या नळाला पाणी येत नाही, सगळं तोंडपाठ. असे तात्या एकदा दूध आणायला गेले आणि येताना स्वतःचा मजलाच विसरले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा विसर आता वाढत जाणार. त्या दिवशी तात्यांनी सुरुचीचा हात धरला.

"सुरू, चाळीत कळू देऊ नकोस. मला कोणाची कीव नको."

तिने शब्द दिला. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून ती मला सांगू लागली. रोज संध्याकाळी 'तात्या' नावाच्या फाइलमध्ये ती लिहायची, आज ते काय विसरले आणि त्यांना अचानक काय आठवलं. चाळीत तिला कडी लावता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे मी. याचा मला फार अभिमान होता. अजून आहे.

आता माझ्यातल्या पहारेकऱ्याविषयी, म्हणजे अँटीव्हायरसविषयी सांगतो. तो माझ्यासोबतच आला, वेगळा आणावा लागला नाही. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल तो तपासतो. एखादी संशयास्पद वाटली आणि ओळखता आली नाही, तर तिचा नमुना दूरच्या कंपनीकडे पाठवतो. हे सुरुचीने ऑफिसात डबा खाताना ऐकलं आणि डबा अर्धाच ठेवून बंद केला. उद्या त्याला 'तात्या'च संशयास्पद वाटली तर? तिने घरी येऊन पहारा बंद केला. पहारेकरी हट्टी, दोन दिवसांनी आपला आपण जागा झाला. मग तिने कोणालातरी विचारून त्याला कायमचंच झोपवलं.

तिचं चुकलं असं मी पटकन म्हणणार नाही. जो राखण करतो त्याला बघावं लागतं, आणि कोणी बघू नये एवढंच तर तिला हवं होतं.

पण चाळीची एक रीत आहे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. शेजारच्या आनंदीबाईंचा एक पेन ड्राइव्ह आहे, सत्यनारायणाच्या फोटोंचा. तोही घरोघर असाच फिरतो. कोणी त्यात भजनं घालतं, कोणी बारशाचे फोटो. तो आमच्याकडे आला तेव्हा सुरुचीने चाळीचे जुने फोटो घालून परत दिला. येताना मात्र त्यातून एक व्हायरस माझ्यात शिरला होता.

मला काही कळलं नाही, मित्रांनो. नुसता धापा टाकू लागलो. सुरुचीला वाटलं, म्हातारा झाला. तो चोर माझ्या फाइली गोळा करून पेन ड्राइव्हमध्ये त्यांच्या नकला लपवत होता, आणि त्या नकला माझ्या पोटातून उघड्या दाराने बाहेर गेल्या.

रविवारी खालच्या मजल्यावरचा अवधूत तोच पेन ड्राइव्ह घेऊन आला. तो माटुंग्याला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तात्या झोपले आहेत ना, हे पाहून तो हळूच बोलला.

"सुरुचीताई, आमच्या मशीनच्या पहाऱ्याने ह्यात व्हायरस पकडला. काय आहे बघायला गेलो तर तुझी फाइल निघाली. एक पान वाचलं गं. कळलं तशी बंद केली. सॉरी."

"तुझ्याआधी कोणाकडे होता?"

"आनंदीकाकूंकडे."

सुरुचीने मला जवळ ओढलं. वडिलांना दिलेला शब्द तिनेच मोडला होता, आणि तोही राखायला जाऊन. माझ्यावर तिचे अश्रू पडले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात पेन ड्राइव्ह मागायला आनंदीबाईच आल्या. सुरुचीने रडतरडत सगळं सांगून टाकलं. आनंदीबाई तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, मी त्यातले फोटो टीव्हीवर बघते, फाइलबिईल मला उघडता येते होय? मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं, मागच्या श्रावणापासून तात्या रोज दुपारी माझ्या दारात येतात. जयवंता आहे का, विचारतात. आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हणते, बाजारात गेलेत, बसा, चहा घ्या. तुला कळलं तर वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

दोघी एकाच माणसाचं गुपित एकमेकींपासून जपत होत्या! मला हसावं की रडावं कळेना.

अवधूतने चोराला हुसकून लावलं आणि पहारेकऱ्याला उठवलं. मग त्याने दुसरं एक बटण दाखवलं. पहारा चालू ठेवून नमुने बाहेर पाठवणं बंद करता येतं. अगदी नवा व्हायरस त्यामुळे कदाचित उशिरा ओळखला जाईल, हेही त्याने लपवलं नाही. सुरुचीने विचार केला आणि ते बटण बंद केलं. 'तात्या' फाइलला पासवर्डचं वेगळं कुलूप घातलं, आणि तिची एक प्रत अवधूतने आणलेल्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली.

मित्रांनो, ऐकीव गोष्टीवरून आमचा पहारेकरी झोपवू नका. त्याला काय बघू द्यायचं, काय बाहेर नेऊ द्यायचं, ते शांतपणे वाचून ठरवा. शेजाऱ्याचा पेन ड्राइव्ह जरूर घ्या, पण आधी पहारेकऱ्याला तो तपासू द्या. त्यात कोणाचा अपमान नाही. आणि जमलं तर आमच्या बिजागराकडेही बघा.

आनंदीबाईंचा पेन ड्राइव्ह साफ झाला. रिकामा कसा द्यायचा? सुरुचीने 'तात्या'तलं एक पान निवडलं. पाण्याच्या टाकीसाठी तात्या आणि जयवंतराव साऱ्या चाळीच्या सह्या घेत फिरले होते, आणि प्रत्येक घरी चहा पिऊन दोघांचीही पोटं बिघडली होती, ते पान. मोठ्या अक्षरात करून, फोटोसारखं टीव्हीवर दिसेल असं अवधूतकडून करवून घेतलं, आणि या वेळी तिने स्वतःच्या हाताने नेऊन दिलं.

काल दुपारी भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला, जयवंता आहे का? आनंदीबाई म्हणाल्या, आहेत, आज आहेत, बसा. मग टीव्हीवरचं ते पान त्या वाचू लागल्या, आणि तात्यांचं हसू मला इथे टेबलावर ऐकू आलं.